पाणी आणि वीज : परस्परांचे आधार

बीड शहराच्या दक्षिणेस पाली गावाजवळ बिंदुसरा नदीवर १९५०च्या दशकात बांधलेला तलाव आहे. बीडकरांची तहान भागविणारा हा जुना आधार. येथून नदी शहराकडे उतरते आणि पुढे सिंदफणेस मिळते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. बीडला आता तेथूनही पाणी आणले जाते. परंतु माजलगाव बीडपेक्षा सखल भागात असल्याने हे पाणी पंपांनी उपसून चढवावे लागते. म्हणजेच पालीचा तलाव आटला की शहराची भिस्त माजलगावच्या पाण्याइतकीच विजेवरही असते.

विजेलाही पाणी लागते. याच जिल्ह्यात परळी येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. पाण्याची वाफ करणे, ती वाफ पुन्हा थंड करणे आणि राख वाहून नेणे, ही कामे पाण्याविना होत नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी तेथील सर्व संच बंद ठेवावे लागले. २०१५ मध्येही तोच प्रसंग ओढवला. एकच अवर्षण नळ आणि दिवा या दोहोंवर घाला घालते, ते असे.

विजेचे जाळे राज्यभर जोडलेले असल्याने एक केंद्र थांबले तरी दुसरीकडून वीज येऊ शकते. पाण्याचे तसे जाळे नाही. म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. वाघिणी भरण्यास पंप हवेत, पंपांना वीज हवी. पुढे वस्त्यांपर्यंत पाणी नेण्यास टँकर, डिझेल आणि रस्ते हवेत. साखळीतील एक कडी तुटली तरी घागर रिकामीच राहते.

अतिवृष्टीतही हाच नियम लागू पडतो. जुलै १९८९ मध्ये याच बिंदुसरेच्या पुराने बीडमध्ये प्राणहानी व मोठी वित्तहानी केली. पुरात पंपगृह बुडाले की शुद्ध पाणी थांबते. पूल खचला की वीजवाहिनी दुरुस्त करणारे पथक अलीकडेच अडकते.

यास्तव प्रत्येक विभागाने आपल्यापुरता आराखडा करून भागत नाही. पंपगृहासाठी जनित्र व डिझेलचा साठा, विद्युत केंद्रासाठी राखून ठेवलेले पाणी आणि पथकासाठी पर्यायी रस्ता यांचा विचार एकत्रच व्हावयास हवा. आणि तो संकट येण्यापूर्वी, पालीच्या तलावात पाणी असतानाच व्हावयास हवा.