मेंदूंतील गांठ आणि समाजाचें कर्तव्य

मेंदूंत गांठ आहे असें कळतांच घरांतील माणसांचा धीर सुटतो; परंतु त्याहून मोठा अनर्थ लक्षणें वेळेवर न ओळखल्यानें होतो. कवटी हाडाची असल्यामुळें ती फुगत नाहीं. आंत गांठ वाढूं लागली म्हणजे मेंदूवर दाब पडतो, आणि पहांटे बळावणारी डोकेदुखी, ओकाऱ्या, अंधुक दृष्टि किंवा एका अंगाची दुर्बलता हीं लक्षणें दिसूं लागतात. प्रौढ माणसास प्रथमच फेंफरें आलें, तर बाहेरची बाधा समजून दिवस दवडणें घातक होय. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गांठ नव्हे, आणि प्रत्येक गांठ म्हणजे कर्करोगही नव्हे. निर्णय तपासणीनेंच होतो.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत निदानानंतर प्रश्न उभा राहतो तो अंतराचा. सन १९४१ मध्यें परळ येथें सुरू झालेलें टाटा स्मारक रुग्णालय तेथून शेंकडों मैल दूर आहे. किरणोपचार पुष्कळदां आठवड्यांतून पांच दिवस याप्रमाणें सुमारें सहा आठवडे चालतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेनें उपचाराचा भार हलका केला, तरी सोबतच्या माणसाचें राहणें, जेवण आणि बुडालेली मजुरी हा भार हळदीच्या शेतांत राबणाऱ्या कुटुंबावरच पडतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा परगांवच्या रोग्यांना आसरा देते. तिचें मोल औषधाहून कमी नाहीं.

दुसरी गरज संशोधनाची. टाटा रुग्णालयांत सन २००१ ते २०१२ या काळांत ३ ते २५ वर्षें वयाच्या २०० रोग्यांचे दोन गट करण्यांत आले. एकास नेहमींचे, तर दुसऱ्यास गांठीवरच अचूक रोखलेले किरण देण्यांत आले. दुसऱ्या गटांतील मुलांची बुद्धिशक्ति अधिक चांगली टिकली, असें सन २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आलें. म्हणजे नुसता जीव नव्हे, तर मुलाची शाळाही वांचते. असे प्रयोग वर्षानुवर्षे चालतात. त्यांस द्रव्यही सातत्यानें लागतें.

जर्मनींतील एका संस्थेच्या पुढाकारानें सन २००० पासून ८ जून हा जागतिक मेंदू-अर्बुद दिन पाळला जातो. मराठवाड्यांत हे दिवस मृगाच्या पेरणीचे. शेतकऱ्याच्या हातीं तेव्हां पैसा नसतो. म्हणून शहरांतील सुशिक्षित घरांनींच त्या दिवशीं निधीस हात लावावा: एक वांटा रोग्याच्या निवाऱ्यास, दुसरा संशोधनास. पहिल्यानें आजचा रोगी उपचार पुरा करील. दुसऱ्यानें उद्यांच्या रोग्याचे उपचार सुधारतील.