माळावरचा काळवीट

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर पसरलेला आहे. पाऊस बेताचा आणि जमीन पुष्कळ ठिकाणी मुरमाड. त्यामुळे दाट अरण्य येथे थोडे आणि उघडे माळ फार. चैत्र-वैशाखात अशा माळाकडे पाहिले म्हणजे तेथे एखादा मोठा रानटी प्राणी राहत असेल, असे मनातही येत नाही. परंतु वाळल्या गवताच्या या माळांवर आणि त्यांना लागून असलेल्या शेतांतून काळविटांचे कळप चरताना आढळतात.

काळवीट हे नाव खरे पाहता नराचे आहे. पूर्ण वाढ झालेल्या नराची पाठ गडद तपकिरी, जवळजवळ काळी दिसते. पोट, हनुवटी आणि डोळ्यांभोवतीचे कडे मात्र पांढरेशुभ्र असते. म्हणूनच संस्कृतात त्याला कृष्णमृग म्हणतात. मादी आणि पाडसे वाळलेल्या गवताच्या रंगाची असतात. इतकी, की परक्या माणसास हे प्राणी दोन निराळ्या जातींचे वाटावेत. मादीला बहुधा शिंगे नसतात. नराची शिंगे मळसुत्रासारखी पिळदार असून त्यांवर कडी असतात.

या शिंगांतच एक मोठा भेद दडलेला आहे. लोक काळवीट, चितळ व सांबर या सर्वांना सरसकट हरीण म्हणतात. चितळाची व सांबराची शिंगे भरीव हाडाची असतात, त्यांना फाटे फुटतात, ती गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. काळविटाचे तसे नाही. त्याच्या शिंगात हाडाचा गाभा असतो व त्यावर नखासारख्या द्रव्याचे टणक आवरण असते. ही शिंगे जन्मभर राहतात. एक मोडले, तर त्याच्या जागी दुसरे उगवत नाही. गाय, शेळी व मेंढी यांची शिंगेही अशीच असतात. तेव्हा कुळाचा विचार केला, तर त्याच माळावर चरणारी धनगराची शेळी काळविटाला चितळापेक्षा अधिक जवळची आहे! उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील प्राँगहॉर्न नावाचा खूरधारी प्राणी या दोहोंहून निराळा. त्याच्या शिंगातील हाड कायम राहते. वरचे आवरण तेवढे दरवर्षी गळते.

उघड्या माळावर लपावयास जागा नसते. तेथे दृष्टी आणि पाय हेच रक्षण. काळविटाचे डोळे मोठे व डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला पुष्कळ दूरवरचे दिसते. त्याचे सारे वजन प्रत्येक पायाच्या दोन बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर पेललेले असते. पाय लांब व बारीक, आणि त्यांना चालविणारे जाड स्नायू वर, धडाजवळ. म्हणून पाय हलका राहतो व झपाट्याने उचलतो. भय वाटताच कळपातील एखादे जनावर सरळ उंच उसळी घेते, मग दुसरे, तिसरे, आणि पाहता पाहता सारा कळप पळू लागतो. चाळीस किलोग्रॅमच्या आसपास वजनाचा हा प्राणी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकतो.

एवढा वेग कशासाठी? माळावर त्याचा मुख्य शत्रू लांडगा, आणि लांडगा इतका वेगवान नाही. याचे उत्तर चित्त्यात आहे. काळविटाचा पाठलाग करू शकणारा हा प्राणी पूर्वी भारतात होता. कोल्हापूर संस्थानात तर शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविली जात असे. १९५२ मध्ये भारतातील चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून चित्ते आणून सोडले गेले. पण धाराशिवच्या माळावर चित्ता नाही. शत्रू गेला, वेग मात्र राहिला. प्राँगहॉर्नचीही अशीच कथा सांगतात. त्याच्यामागे धावणारी चित्त्यासारखी मार्जारे दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लुप्त झाली, तरी तो आजही तसाच सुसाट पळतो.

मादीला साधारणतः एकच पाडस होते. पहिले काही दिवस ते गवतात निश्चल पडून राहते. आई दूर चरते आणि दूध पाजण्यापुरती येते. एकटे पाडस पाहून ते टाकून दिलेले आहे असे समजून उचलून नेणारे लोक दयाळू खरे, पण त्यांच्या दयेने त्याची आईशी ताटातूट होते.

काळविटाचे व शेतकऱ्याचे मात्र पटत नाही. माळ नांगरले गेले, चराई कमी झाली, आणि कळप कोवळ्या ज्वारीत व हरभऱ्यात उतरू लागले. रात्रीतून पीक जाते, तेव्हा शेतकऱ्याचा संताप खोटा नसतो. १९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार करणे हा गुन्हा ठरला आहे. शासन पिकाची भरपाई देते, तरी पेरणीची वेळ त्या पैशाने परत येत नाही. माळावर दाट झाडी लावावी म्हणजे या प्राण्यांचे भले होईल, हा समजही चुकीचा आहे. झाडी दाटली की दूरचे दिसत नाही आणि गवतही कमी होते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले. ते अवघे दोन चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे आहे.

कुंपण आले तर काळवीट ते उडी मारून ओलांडतो. कुत्रे पाठीस लागले तर त्यांना तो मागे टाकतो. कठडा नसलेली विहीर मात्र जमिनीच्या पातळीलाच असते, आणि भरधाव पळताना ती त्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.