तळघरातील लहानसा पंप

अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे हिवाळ्यात जाण्याचा योग आपल्या अनेक सभासद-बंधूंना येतो. तेथील पुष्कळ घरांच्या तळघरात गॅसची भट्टी असते व तिच्यावर सर्व घर उबदार राहते. या भट्टीतून पाणी निघते, हे ऐकून नवागतास नवल वाटते. परंतु १ किलो मिथेन जळाला की सुमारे २.२५ किलो पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. आधुनिक भट्टी त्या वाफेतील उष्णताही काढून घेते. वाफेचे पाणी होते आणि एक लहानसा पंप ते मोरीपर्यंत चढवितो.

हे पाणी किंचित आम्लधर्मी असते. टाकीत बुळबुळीत गाळ साचतो, तरंगता गोळा अडकतो आणि पाणी तुंबते. पुष्कळ ठिकाणी सुरक्षेची कळ मग भट्टीच बंद पाडते. बाहेर बर्फ पडत असता घरातील वृद्धांची व बालकांची काय अवस्था होईल, हे सांगावयास नकोच!

उपाय मात्र सोपा आहे. हिवाळ्याच्या आरंभी भट्टी व पंप यांचा वीजपुरवठा बंद करून टाकी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. गोळा मोकळा हलतो ना, पाणी मागे येऊ न देणारी झडप स्वच्छ आहे ना, हे पाहावे. व्हिनेगर वापरल्यास त्यात ब्लीच कदापि मिसळू नये; विषारी वायू निर्माण होतो. शेवटी पंप जोडून टाकीत पाणी ओतावे व तो चालतो याची खात्री करून घ्यावी.

रोजकीर्द वेळच्या वेळी लिहिणाऱ्यास वर्षअखेरीची धास्ती नसते. यंत्राचेही तसेच आहे.