हरवलेल्या जोड्यांचा तापमापक

महास्फोटानंतर काही मायक्रोसेकंद विश्व क्वार्क व ग्लुऑन यांच्या तप्त द्रवाने भरलेले होते. जीनिव्हाजवळील 'सर्न' प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रके एकमेकांवर आदळवून असा द्रव निमिषमात्र निर्माण केला जातो. पण त्याची उष्णता मोजायची कशी? मात्सुई व सात्झ यांनी १९८६ मध्ये मार्ग सुचविला. जड क्वार्क व प्रतिक्वार्क यांना बांधणारे बल या द्रवात झाकोळते आणि जोडी फुटते. सैल जोडी आधी, घट्ट नंतर. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा व टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या 'सीएमएस' प्रयोगाने २०१२ मध्ये अप्सिलॉन कणाच्या अवस्थांत हाच क्रम दाखविला. 'जे-साय' कणाचा हिशेब मात्र अवघड आहे. तेथे विपुल चार्म क्वार्कांतून नव्या जोड्याही जुळतात. त्यामुळे केवळ घट मोजून भागत नाही. भरही मोजावी लागते.