नियम आहे, पण विचारणारा कोण? शाळेतला न्याय कागदावरून वर्गापर्यंत कसा येतो

तालुका प्रतिनिधी

पाडव्याच्या आधी आमच्या बांधाशेजारचं कुटुंब ऊसतोडीवरून परत आलं. सोबत पाचवीतली पोरगी. दुसऱ्याच दिवशी ती दप्तर घेऊन शाळेत गेली आणि तासाभरात घरी आली. "चार महिने तिकडच्या शाळेत बसत होती ना, मग तिथला दाखला आणा, पुढचं नंतर बघू," असं तिला सांगितलं होतं. तिकडची शाळा दोनशे किलोमीटर लांब. एसटीचं भाडं घालून, मजुरी बुडवून दाखला आणायला जाणार कोण? बाप म्हणाला, "जाऊ द्या दादा, जूनमध्ये बघू."

असं 'जूनमध्ये बघू' म्हणत किती पोरं शाळेतून कायमची सुटली, हे आपल्याला गावोगाव माहीत आहे.

खरं तर हा प्रश्न कागदावर कधीच सुटलेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हे त्याचं मूळ. त्यातलं कलम ५ सांगतं की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू होऊन बरेच दिवस झाले, हेही कारण चालत नाही.

आम्ही मोबाईलवर कलम ५ काढलं आणि बापासोबत शाळेत गेलो. दहा मिनिटांत पोरगी वर्गात बसली. मुख्याध्यापकही वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की एकाच मुलाचं नाव दोन शाळांच्या ऑनलाईन यादीत दिसलं तर जाब मला विचारतात. म्हणजे त्यांना वरच्या कागदाची भीती, आणि कायद्याच्या कलमाची आठवण कुणी करून दिली नव्हती.

मग प्रश्न पडतो. नियम १५ वर्षं होता. तरी पोरगी बाहेर का होती? नियमानं खरंच न्याय मिळतो का?

महाडच्या तळ्याची गोष्ट

याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शंभर वर्षांपूर्वी मिळालं आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्यानंतर महाड नगरपालिकेनंही आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. नियम झाला. पण तळ्यावर पाणी प्यायला कुणी जाऊ शकत नव्हतं.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यावरून लोकांवर हल्ले झाले. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लोकांच्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं.

ठराव नुसता राहिला असता तर दप्तरात पडून राहिला असता, हे खरं. पण ठरावच नसता तर माणसं 'हे आमचं आहे, सरकारनंच मान्य केलंय' असं कशाच्या जोरावर म्हणाली असती? नियम पाय ठेवायला जागा देतो. चालावं आपल्यालाच लागतं.

नियम आपोआप चालतो तिथं

काही नियम मात्र असे असतात, की त्यात माणसाच्या मर्जीला फार वाव राहत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी, हा असाच नियम. आपल्याकडे ऑनलाईन अर्ज भरतात आणि सोडत निघते. कुणाच्या ओळखीनं नाव वर जात नाही. मजुराचं पोर आणि व्यापाऱ्याचं पोर एका बाकावर बसतं, ते या नियमामुळं.

पण यातही दोन खाचा आहेत. पहिली खाच कागदाची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, जातीचा दाखला हे सगळं वेळेत गोळा करणं ज्याला जमतं तो अर्ज भरतो. सगळ्यात गरीब माणूस तहसीलच्या रांगेतच मागं राहतो. उलट बागायती असलेला माणूस एक लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवून दाखला काढतो, अशी कुजबुज प्रत्येक तालुक्यात ऐकू येते.

दुसरी खाच अशी, की नियम बदलताही येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियमात बदल केला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा नाही अशी जागा शोधून सापडायची नाही. म्हणजे बहुतेक जागा गेल्याच असत्या. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. मे महिन्यात मुंबई हायकोर्टानं स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. मूळ कायदा भक्कम होता म्हणून कोर्टात टिकाव लागला. पण कुणीतरी दार ठोठावलं, हेही तितकंच खरं.

समिती कागदावर, सह्या मिटिंगशिवाय

आता आपल्या गावाचं बोलू. त्याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं, हे समितीचं काम.

मी स्वतः अशा समितीवर होतो, म्हणून सांगतो. अर्ध्या बैठका मी रानातूनच केल्या. शिपाई रजिस्टर घेऊन बांधावर यायचा, मी पाण्याचं बारं धरलेलं असायचं, ओल्या हातानं सही ठोकायचो. काय ठराव झाला ते वाचलंही नाही. महिला सदस्यांच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जायच्या. त्या काळात ऊसतोड कामगारांपैकी एकही पालक समितीवर नव्हता. असता तर दाखल्याचा विषय कधीतरी निघाला असता. ही चूक सरकारची नाही, आमची आहे.

काय करता येईल?

- मुलाला प्रवेश नाकारला तर 'लेखी द्या' म्हणा. बऱ्याचदा तिथंच प्रश्न सुटतो.
- नाही सुटला तर साध्या कागदावर तक्रार लिहून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. समाधान नाही झालं तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे.
- शाळेचा खर्च कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.
- मुलाला मारणं, मानसिक त्रास देणं याला कलम १७ नं बंदी आहे. 'आम्हीपण छड्या खाल्ल्या' म्हणून गप्प बसू नका.
- समिती नव्यानं निवडायची असेल तेव्हा पालकसभेला जा. तोडीला जाणाऱ्या घरातला एक तरी माणूस समितीवर घ्या.

नियमानं समाज एका रात्रीत सरळ होत नाही. पण नियम नव्हता तेव्हा गरिबाला हात जोडून मागावं लागायचं. आता तो बोट ठेवून दाखवू शकतो. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

शेजारची पोरगी आता सहावीत आहे. दिवाळीनंतर आईबाप पुन्हा तोडीला जातील. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर ती आजीजवळ गावातच राहील. ते वेळेत सुरू करा, असं पुढच्या पालकसभेत विचारायचं आम्ही चौघांनी ठरवलंय. या वेळी रजिस्टर वाचूनच सही करणार.