‘झोप मिळत नाही’ आणि ‘झोप लागत नाही’ : लहान मुलांच्या मातांच्या निद्रानाशाविषयी

लहान मुलांच्या आईला झोप नसते, ही गोष्ट आपल्याकडे इतकी गृहीत धरली जाते की तिच्याविषयी वेगळे काही सांगण्यासारखे आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखिकेसही ते वाटत नव्हते. धाकटे मूल आठ महिन्यांचे असताना, रत्नागिरीतील एका पावसाळ्यात, मूल शांत निजलेले असूनही पहाटेपर्यंत टक्क जागे राहण्याचे प्रसंग ओळीने येऊ लागले. घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, “बाळ झोपू देत नाही का?” ह्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘बाळ झोपते, मलाच झोप लागत नाही’ असे होते. ते देण्यास दोन महिने लागले. ह्या विलंबाचे कारण शोधताना भाषेच्या अभ्यासकास जे दिसले, ते येथे मांडावयाचे आहे.

‘झोप मिळत नाही’ आणि ‘झोप लागत नाही’ ही दोन वाक्ये आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः पहिल्यात संधीचा अभाव आहे, दुसऱ्यात संधी असून झोपेचा अभाव आहे. तान्हे मूल दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते, परंतु ते दोन-चार तासांच्या तुकड्यांनी. रात्र आणि दिवस ह्यांतील फरक त्याच्या शरीरात रुजण्यास साधारणतः तीन महिने जातात. तोपर्यंत आईस झोप मिळत नाही, हे स्वाभाविक होय. हे जागरण आहे, रोग नव्हे. कामाची वाटणी हाच त्यावरील उपाय. वैद्यकशास्त्र निद्रानाश म्हणते ते झोपेची पुरेशी संधी असताना ती न लागण्यास. आणि हा त्रास आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने टिकल्यास त्यास दीर्घकालीन मानते.

पहिल्या अवस्थेतून दुसरी कशी उद्भवते, ह्याचा उलगडा स्पीलमन ह्यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीने चांगला होतो. निद्रानाशाची कारणे तीन प्रकारची असतात : मुळातील प्रवृत्ती, तत्कालीन निमित्त आणि त्रास टिकवून धरणाऱ्या सवयी. मूल हे निमित्त असते. मूल रात्रभर झोपू लागले तरी घड्याळ पाहणे, झोपेची वाट पाहत तासन्‌तास अंथरुणात पडून राहणे, ‘आज तरी लागेल ना’ ही धास्ती ह्या सवयी मागे उरतात. निमित्त सरते, रोग राहतो.

येथे ‘लागणे’ ह्या क्रियापदाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तशीच झोप लागते. बोलणारी व्यक्ती ‘मला’ ह्या रूपाने येते. ती अनुभव घेणारी असते, क्रिया करणारी नव्हे. मुलास ‘झोप’ अशी आज्ञा करता येते, परंतु ती आडवे होण्याची आज्ञा असते; झोप लागण्याची आज्ञा मराठीत करताच येत नाही. व्याकरणातील भेद म्हणजे रोगनिदान नव्हे, हे मान्य करूनही म्हणावे लागेल की वास्तव असेच आहे : प्रयत्नाने झोप दूर जाते. बूट्झिन ह्यांनी १९७२ मध्ये सुचविलेली पद्धत ह्याच तत्त्वावर उभी आहे. झोप येऊ लागल्यावरच अंथरुणावर जावे. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून मंद उजेडात एखादे शांत काम करावे. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी.

चिंतेच्या बाबतीत मराठीने एकच नाम तीन क्रियापदांना दिले आहे : काळजी घेणे, काळजी करणे, काळजी वाटणे. काळजी घेणे हे कर्म आहे व त्यास शेवट असतो; औषध पाजले, पांघरूण घातले की ते पूर्ण होते. काळजी करण्यास शेवट नसतो. नाम एकच असल्यामुळे आईच्या अखंड चिंतेकडे घरचे लोक, आणि ती स्वतःही, वात्सल्य म्हणून पाहतात. चिंता सोडणे म्हणजे मुलाकडे दुर्लक्ष करणे, असे तिला वाटू लागते. म्हणून उपायही क्रियापद बदलण्याचा आहे : संध्याकाळीच, अंथरुणापासून दूर, मनातील काळज्या लिहून काढाव्यात, ज्यांत उद्या काही करता येईल त्यांपुढे ते काम लिहावे, उरलेल्या ‘करण्या’च्या काळज्या म्हणून ओळखाव्यात.

हा भेद चुकल्यास काय होते, ह्याचे जवळचे उदाहरण गोव्यातील आहे. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारी होत्या. दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे होती. अशा तपासणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी एडिंबरो येथील दहा प्रश्नांची सूची १९८७ ची आहे. तिच्यातील झोपेविषयीचा प्रश्न मनाच्या दुःखामुळे झोप लागणे कठीण झाले आहे काय, असा आहे. मूल जागवते काय, असा नाही. त्याचे मराठीकरण करताना ‘लागत’च्या जागी ‘मिळत’ घातले, तर जवळजवळ प्रत्येक आई होकार देईल आणि प्रश्न निरुपयोगी होईल.

रत्नागिरी जिल्ह्यात ह्यास आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांची ही खूण होय. बाळंतपणात माहेरी रात्री मूल घेणारी माणसे असतात. ती परतल्यावर अनेकींच्या वाट्यास एकटीची रात्र येते. घरातील कोणीतरी मूल सांभाळून आईस सलग चार-पाच तास झोप मिळवून द्यावी, ही येथे चैन नसून उपचार आहे.

काही गोष्टी घरच्या उपायांच्या पलीकडच्या आहेत. रक्तक्षय किंवा प्रसूतीनंतर बिघडलेली थायरॉइड ग्रंथी ह्यांची तपासणी करावी. झोपेची गोळी डॉक्टरांस विचारल्याविना घेऊ नये, आणि घेतल्यास तान्ह्या मुलास त्याच अंथरुणात घेऊ नये. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत झोपेची गरजच न वाटणे, भ्रम होणे, किंवा स्वतःस वा मुलास इजा करण्याचे विचार येणे ह्यांस त्याच दिवशी रुग्णालयाची गरज असते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची विनामूल्य सेवाही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तीन वर्षांखालील मुलास उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे न करण्याचा नियम घातला आहे. ‘मूल काढून घेतील’ ह्या भीतीने गप्प राहणाऱ्या स्त्रीस हे सांगितले पाहिजे.

परंतु ह्या साऱ्याच्या आधी प्रश्न नीट विचारला गेला पाहिजे. ‘बाळ झोपू देते का?’ असे विचारल्यास उत्तर बाळाविषयी मिळते. ‘बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?’ असे विचारावे.