शांत संगणकाची निवड

माळव्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांत वस्तू पारखून घेण्याची रीत आहे. तंबोरा घ्यायचा तर भोपळ्याला टिचकी मारून पाहावयाची, घागर घ्यायची तर वाजवून घ्यावयाची. संगणक घेताना मात्र हीच चोखंदळ मंडळी वेग किती आणि किंमत किती, एवढे दोनच प्रश्न विचारतात. यंत्र बोलते किती, हे कोणी विचारीत नाही. साध्या पत्रव्यवहाराच्या संगणकाला हे चालून जाते. पण ज्याच्यावर रात्रंदिवस मोठी कामे करावयाची, त्या वर्कस्टेशन म्हणविणाऱ्या दांडग्या यंत्राला ते चालत नाही.

माझे काम जुन्या ध्वनिफितींचे आहे. इंदूरच्या घरांतून, माळ्यांवरच्या ट्रंकांतून, पूर्वीच्या बैठकींच्या आणि गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या फिती अजून निघतात. कोणाच्या घरी कोण गायले, हे वरच्या चिठ्ठीवर असतेच असे नाही; असले तरी शाई उडालेली. फितीवरचा थर सुटत चालला आहे, म्हणून त्या एकदाच जपून वाजवायच्या, संगणकात उतरवून घ्यायच्या, आणि खरखर, गुणगुण व गाणे ही एकमेकांपासून सोडवायची. त्या सोडवणुकीला फार मोठे गणित लागते, आणि गणित म्हटले की उष्णता आली.

गाणारा कोण, हे ओळखण्याचे काम माझ्या आत्यांचे. त्यांनी त्यातल्या पुष्कळ बैठकी समोर बसून ऐकल्या आहेत. वय शहाऐंशी, कानाला यंत्र. हे श्रवणयंत्र गाण्याबरोबर खोलीतला पंख्यांचा घोषही मोठा करून कानात ओतते. माझ्या पूर्वीच्या संगणकापुढे बसून त्या एकदा म्हणाल्या, “अरे, गवई दम घेतोय तो ऐकू दे मला. तुझं यंत्रच धापा टाकतंय.” “आत्या, तुम्ही जरा थांबा, ते बंद करतो,” म्हणावे तर गणित थांबते. फिती थांबायला तयार नाहीत आणि माणसेही फार दिवस थांबत नाहीत. तेव्हा यंत्र जोरदार हवे आणि मुके हवे, असा दुहेरी हट्ट धरणे भाग पडले.

आता उष्णतेचा हिशेब पाहा. 2023 साली आलेला इंटेलचा कोअर आय-9 14900के हा प्रोसेसर भरात आला की 253 वॅट वीज खातो. 2025 सालचे आरटीएक्स 5090 हे ग्राफिक्स कार्ड 575 वॅटपर्यंत जाते. दोन्ही मिळून सव्वाआठशे वॅट झाले. यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे टेबलाखाली लहानशी विजेची शेगडी पेटवून बसण्यासारखे आहे. ही उष्णता टपालाच्या तिकिटाएवढ्या चकत्यांतून निघते, आणि ती तेथून उचलून खोलीत सोडणे एवढेच कूलरचे काम.

कूलर म्हटल्याबरोबर आपल्याकडे खिडकीतला खसचा कूलर डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. यात तांब्याची एक बैठक, तिच्यातून निघालेल्या नळ्या, आणि नळ्यांवर ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे असतात. नळ्या भरीव नसतात. आत थोडेसे पाणी असते. ते तळाशी तापून वाफ होते, वर पत्र्यांजवळ थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत फिरते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली अशी नळी करून दाखविली. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीचा 2014 सालचा एनएच-डी15 हा या जातीचा नामांकित कूलर. त्यात सहा नळ्या आणि 140 मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. उंची मात्र 165 मिलिमीटर! घेण्यापूर्वी कॅबिनेटची आतली जागा पट्टीने मोजावी. नाहीतर पलंग आला पण दारातून जाईना, अशी गत होते.

पंख्याचे शास्त्र सोपे आहे. फेरे निम्मे केले की वाराही निम्मा होतो, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. आणि दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्माच वाटतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरविण्यापेक्षा मोठा पंखा संथ फिरवावा. मोठे पत्रे आणि मोठे पंखे, ही चैन नसून शांततेची किंमत आहे.

पाणी खेळविणारे तयार कूलरही मिळतात, आणि ते उष्णता उत्तम ओढतात. पण त्यांचा पंप यंत्र स्वस्थ असतानाही गुणगुणतो, पाणी वर्षानुवर्षे रबरी नळ्यांतून सूक्ष्मपणे उडते, आणि पुष्कळ नमुन्यांत ते पुन्हा भरण्याची सोय नसते. दहा वर्षे चालवायचे यंत्र असेल तर मी हवेच्या कूलरच्या बाजूचा. त्यात बिघडले तर पंखाच बिघडतो, आणि तो बदलता येतो.

कॅबिनेटचे दोन पंथ आहेत. एक बंद दारांचा, आतून जड अस्तर लावलेला. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनची ‘डिफाइन’ मालिका या पंथाची. दुसरा समोर जाळी असलेला. पहिला आवाज कोंडतो, पण हवाही अडवितो. मग आतले पंखे जोर करतात. थोडे तापणाऱ्या यंत्राला बंद पेटी शोभते. आठशे वॅटच्या यंत्राला मात्र जाळीच बरी, कारण मोकळा श्वास मिळाला की पंख्याला ओरडावे लागत नाही. एका दुकानात मला समोर अखंड काच आणि आत रंगीत दिवे असलेली पेटी आग्रहाने दाखविण्यात आली. दिवाळीत शोभली असती. वारा कोठून शिरतो, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

आपल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. कूलर हा खोलीच्या तपमानापेक्षा खाली नेऊ शकत नाही. युरोपातल्या पंचवीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर सत्तरवर राहतो, तो मे महिन्यात आपल्या अडतीस अंशांच्या खोलीत त्र्याऐंशीवर जाईल. तेव्हा परदेशी परीक्षणातला आकडा वाचताना तेरा अंश मनात मिळवावे आणि कूलर एक पायरी वरचा घ्यावा. धुळीसाठी आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवावे, म्हणजे हवा गाळणीतूनच येते, फटींतून येत नाही. गाळण्या मात्र उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवाव्या.

गाण्याचा कान असलेल्यांना एक मौज सांगतो. जुन्या धाटणीची हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. हा सूर खर्जातल्या काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कोठेतरी पडतो. कोणत्याच गायकाचा षड्ज नसलेला हा तंबोरा अखंड छेडलेला! रबराच्या बैठकीवर तिला बसविली तर कंप पेटीत उतरत नाही. चकती नसलेली एसएसडी कामाला ठेवून डिस्क दुसऱ्या खोलीत नेली तर त्याहून उत्तम. तसेच दोन पंखे किंचित निराळ्या गतीने फिरले की त्यांच्या सुरांत लाटा उठतात. एकसारखा मंद आवाज कान विसरतो. चढउतार विसरत नाही. म्हणून पंखे सावकाश चढतील आणि सावकाश उतरतील अशी योजना संगणकात करून ठेवावी.

शेवटचा उपाय फुकटचा आहे. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांना मिळणाऱ्या विजेवर थोडी मर्यादा घालता येते. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी ही यंत्रे फार मोठी वीज जाळतात. तेवढा वेग सोडला की उष्णता आणि आवाज दोन्ही पुष्कळ उतरतात. एएमडीने 2022 सालच्या रायझन 7000 मालिकेत यासाठी ‘इको मोड’ अशी सोयच ठेवली आहे. काम तासाऐवजी सव्वा तासात झाले म्हणून बिघडत नाही.

तात्पर्य, पैसे देताना क्रम असा असावा: आधी हवेशीर कॅबिनेट, मग मोठा कूलर, मग चांगले पंखे, आणि उरल्या पैशांत वेग. आमच्या नव्या यंत्राची ओळख आत्यांना मी करून दिली नाही. त्यांनी परवा एका बेनामी फितीतल्या गायिकेचे नाव दुसऱ्याच आवर्तनाला सांगितले, एवढी पावती पुरे.